पाव वळसा

पॉगसेटच्या धक्क्यावरून चढ चढलात
की तांबड्या दाराचं लाकडी देऊळ लागतं, सेंट ऑस्विनचं.
जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी बांधलेलं.
त्यांना दुसरं काही येत नव्हतं,
म्हणून छत म्हणजे पालथी घातलेली होडीच.
पाऊस आला की ती अजून बुडायला बघते.
तिसऱ्या बाकापाशी बादली,
आणि प्रवचनात मध्येच
टप्.

तेव्हा बिशप समुद्रापलीकडे होता,
राजाही समुद्रापलीकडे,
आणि दोघांसाठी दर रविवारी प्रार्थना.
मग राज्य गेलं. तेव्हाच्या पाळकाने
छापील राजावर कागदाची पट्टी डकवली,
घरच्या खळीने.
आता खळ पिवळी पडलीय, कागद झिरझिरीत,
राजा हळूहळू परत दिसू लागलाय.
त्याच्यासाठी कुणी काही मागत नाही.

डॉर्कस गॅस्किन दप्तर सांभाळते. वय एक्याऐंशी.
तिची माणसं वरच्या सज्जात बसायची,
जिना बाहेरून, दार वेगळं.
सज्जात आता नाताळचं सामान आहे,
मेंढ्या, पेंढा, पाय मोडलेला उंट.
ती वर जाते तेव्हा गुडघ्यांना बोल लावते,
जिन्याला नाही.

पुरलेल्यांच्या वहीत, सतराशे अडुसष्टच्या मार्चमध्ये,
एक ओळ आहे:
"कॅप्टन एल्डरकिनची एक मुलगी, काळी, अदमासे सहा वर्षांची."
नाव नाही.
समासात गलबताचं नाव मात्र आहे,
वळणदार अक्षरात, शाई जराही न सांडता:
'विश्वासू'.

सगळे उभे राहून विश्वास बोलून दाखवतात,
एक देव, एक बाप्तिस्मा,
मेलेल्यांचं पुन्हा उठणं.
'आम्ही' आणि 'आपण' यांना त्यांच्या भाषेत शब्द एकच.
सज्जातलेही तोच म्हणायचे, तळातलेही,
आणि कोण कुणाला धरून बोलतंय
हे फक्त छताला कळायचं.

शहात्तर साली बाईला पाळक करायचं ठरलं, तेव्हा
अकरा घरं उठून गेली,
जाताना पितळी शमादानं घेऊन.
आता रोझलिंड टफ्ट्स पाळक आहे.
झग्याखाली रबरी बूट,
कारण तळघरात पाणी.
फेब्रुवारीत माणसं नऊ येतात. कधी सात, आणि एक कुत्रा.

तर प्याल्याचं सांगायचं होतं.
चांदीचा, एल्डरकिनने दिलेला,
ओठाखाली त्याचं नाव कोरलेलं.
रीत अशी की एक जण प्यायला
की फडक्याने कड पुसायची, प्याला पाव वळसा फिरवायचा,
मग पुढचा.
म्हणजे दर चौथ्या तोंडाशी कॅप्टन येतो.
वितळवावा का, म्हणून तीन बैठका झाल्या.
एकाने म्हटलं, चांदीचा काय दोष.
एकाने म्हटलं, मग दोष ठेवायचा कुठे.
चौथी बैठक बर्फामुळे रद्द.

डॉर्कस लहानपणापासून कठड्याशी मोजून गुडघे टेकते.
पहिली, दुसरी, तिसरी, पाचवी.
कधीच चौथी नाही.
आईने शिकवलं होतं, कारण न सांगता,
जसं मीठ हातावर देऊ नये शिकवतात.

काल सर्व संतांचा रविवार होता.
वर्षभरातल्या मृतांची नावं तिने वाचली.
हॉवर्ड, लुएला, जुळ्यांतला एक.
मग जुनी वही उघडली, कुणाला न विचारता,
ती ओळ वाचली,
आणि नावाच्या जागी थांबली.
थांबलीच.
कुणी खोकलं नाही.
बादलीने तेवढं म्हटलं, जे काय म्हणायचं ते.

नंतर प्रभुभोजनाला ती चौथी जाऊन टेकली.
रोझलिंडच्या लक्षात आलं. हात अडखळला,
फडकं दोनदा फिरलं,
आणि प्याला पाव वळणार तेवढ्यात
डॉर्कसने मनगट धरलं. नको.
पुढे वाकली.
तिच्या ओठांनी ते अख्खं नाव झाकलं,
घोट घेतला, जरा मोठाच,
आणि 'आमेन' म्हणण्याआधी
काहीतरी पुटपुटली, दोन अक्षरं.

कॉफीच्या वेळी मी विचारलं.
म्हणाली, साखर दे इकडे.